‘गोदावरी’ युद्धनौकेचे स्मृतिपदक गोदाकाठी जपले जावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नौदलात नवी युद्धनौका दाखल झाली की आपल्या दैनिकात तिची लांबी-रुंदी, वजन, क्षेपणास्त्रे आणि बांधणीचा खर्च यांची माहिती ठळकपणे येते, आणि ती यावीही. त्या समारंभाच्या निमित्ताने नौकेवरच्या अधिकाऱ्यांच्या, खलाशांच्या आणि निमंत्रितांच्या हाती जे लहानसे धातूचे स्मृतिपदक पडते, त्याबद्दल मात्र कुठे ओळ येत नाही. वरवर पाहता बातमी व्हावी असे त्यात काही नाही, हेही खरे. परंतु तीस-पस्तीस वर्षांनी नौका मोडीत निघते, तिचे पोलाद वितळते, कागदपत्रे दप्तरात जातात, आणि तिच्यावर उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाच्या घरात तिची म्हणून बहुधा एवढी एकच वस्तू उरते. आयएनएस ‘गोदावरी’च्या बाबतीत मराठवाड्यात नेमके हेच घडते आहे, आणि ती उरलेली वस्तूही आपण नीट सांभाळत नाही, म्हणून हे पत्र.

‘गोदावरी’ कोण होती, हे आज गोदाकाठच्या शाळकरी मुलाला विचारले तर तो नदीचे उगमस्थान सांगेल. युद्धनौकेचे नाव त्याच्या कानांवर गेलेलेच नसते. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही फ्रिगेट प्रकारची युद्धनौका १५ मे १९८० रोजी पाण्यात उतरली आणि १० डिसेंबर १९८३ रोजी नौदलात दाखल झाली. त्याआधी माझगाव डॉकने ब्रिटिश ‘लिअँडर’ वर्गाच्या आराखड्यावरून ‘निलगिरी’ आणि तिच्या पाच भगिनी बांधल्या होत्या. ‘गोदावरी’च्या वेळी नौदलाच्या आपल्याच आरेखकांनी तो साचा मोडून मोठा केला, सुमारे १२६ मीटर लांबीच्या नौकेवर दोन ‘सी किंग’ हेलिकॉप्टरांची सोय बसवली, आणि सोव्हिएत क्षेपणास्त्रे, पाश्चात्त्य व भारतीय इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अशी एकमेकांशी कधी न बोललेली सामग्री एकाच नौकेत नांदवून दाखवली. युद्धनौका बांधणे आणि युद्धनौकेचा आराखडा करणे या दोन निराळ्या विद्या आहेत. दुसरी आपल्याला जमते, हे ज्या नौकेने दाखवून दिले तिला आपल्या नदीचे नाव होते.

पुढे तिने जे केले तेही विसरण्याजोगे नाही. १९८६ साली न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला शंभर वर्षे झाली, तेव्हा तिथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय नौदल संचलनात भारताकडून ती गेली होती. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमध्ये भाडोत्री सैनिकांनी सत्ता उलथवण्याचा प्रयत्न केला आणि तो फसल्यावर ओलिसांसह ‘प्रोग्रेस लाइट’ या व्यापारी जहाजातून पळ काढला, तेव्हा समुद्रात त्यांना गाठून अडवणाऱ्या नौकांमध्ये ‘गोदावरी’ होती. त्या कारवाईचे ‘ऑपरेशन कॅक्टस’ हे नाव सैन्यभरतीच्या पुस्तकांत पाठ करवून घेतात; नौकेचे नाव त्या ओळीत सहसा नसते. डिसेंबर १९९४ मध्ये सोमालियातील किसमायो बंदरातून आपल्या तुकड्या माघारी आणण्याच्या कामातही ती होती. २३ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत तिच्यावरचा ध्वज शेवटचा उतरवण्यात आला. बत्तीस वर्षांची सेवा झाली होती.

इथे तारखांचा थोडा खुलासा आवश्यक वाटतो, कारण स्मृतिपदकाची सारी किंमत त्यावरच्या तारखेत असते. नौकेच्या आयुष्यात पायाभरणी, जलावतरण आणि कमिशनिंग हे तीन निराळे प्रसंग असतात आणि बातम्यांमध्ये शेवटच्या दोहोंची नेहमी गल्लत होते. जलावतरणाला नारळ फुटतो आणि सांगाडा पाण्यात जातो. तेव्हा त्यात धड यंत्रे नसतात, शस्त्रे तर नसतातच. त्यानंतर काही वर्षे यंत्रे-शस्त्रांची बसवणी आणि समुद्री चाचण्या चालतात. कमिशनिंगच्या दिवशी कमांडिंग ऑफिसर नौदलप्रमुखांचा आदेश वाचून दाखवतात, राष्ट्रगीत होते, नौकेच्या मागील टोकाला नौदलाचा ध्वज आणि डोलकाठीवर अरुंद लांबट कमिशनिंग पताका चढते, आणि त्या क्षणापासून ती ‘आयएनएस’ होते. ‘गोदावरी’ला जलावतरणापासून कमिशनिंगपर्यंत पोचायला साडेतीन वर्षे लागली. स्मृतिपदकावर असते ती कमिशनिंगची तारीख, म्हणजे नौका खऱ्या अर्थाने राष्ट्राच्या सेवेत रुजू झाल्याची.

तारीख महत्त्वाची असण्याचे आणखी एक कारण आहे. ‘गोदावरी’ या नावाच्या नौका एक नव्हे, तीन होऊन गेल्या. पहिली दुसऱ्या महायुद्धातली, १९४३ सालची स्लूप, म्हणजे लहान युद्धनौका. फाळणीच्या वाटणीत ती पाकिस्तानकडे गेली आणि तिचे नाव ‘सिंध’ झाले. दुसरी ब्रिटिशांकडून १९५३ साली घेतलेली, मूळची ‘बेडेल’ नावाची विनाशिका. तिसरी ही १९८३ ची. नौदल जुनी नावे नव्या नौकांना देते. १९७२ सालची ‘निलगिरी’ निवृत्त झाली आणि १५ जानेवारी २०२५ रोजी त्याच नावाची नवी फ्रिगेट मुंबईत दाखल झाली, ‘विक्रांत’चेही तसेच झाले. त्यामुळे उद्या चौथी ‘गोदावरी’ आली तर मला नवल वाटणार नाही, आणि तेव्हा हाती असलेले पदक कोणत्या नौकेचे, हे त्यावरची तारीखच सांगेल.

ही तारीख आपल्याकडे कशी पुसली जाते, ते मी अलीकडे पाहिले. आमच्या तालुक्यातील नदीकाठच्या एका गावचे एक गृहस्थ या नौकेच्या पहिल्या खलाशांपैकी होते. बॉयलरच्या विभागात त्यांची नेमणूक होती. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा एक निळी मखमली डबी घेऊन माझ्याकडे आला, कारण मला जुन्या नाण्यांचा नाद आहे हे पंचक्रोशीत ठाऊक आहे. डबीची बिजागरी तुटलेली होती आणि झाकण रबराने आवळलेले होते. “गुरुजी, ह्यात सोनं हाय का, बघा बरं,” एवढाच त्याचा प्रश्न होता. सोने नव्हते. माझ्याआधी त्याने ते एका सराफाला दाखवले होते, आणि त्या सराफाने कस पाहण्यासाठी पदकाच्या कडेला कानस मारून एक खाच पाडली होती. त्या खाचेत मुलाम्याखालचे पितळ स्वच्छ दिसत होते. दर्शनी बाजूला नौकेची आडवी आकृती होती. मागच्या बाजूचे बोधचिन्ह जवळजवळ गुळगुळीत झाले होते. तारखेतला ‘१०’ बोटाला लागत होता, ‘डिसेंबर’ अंदाजाने वाचावा लागला, आणि सालाचा शेवटचा आकडा मला भिंगाखाली, पदक उन्हात तिरपे धरून मगच ओळखता आला.

हे झाले कसे, त्याचे उत्तर घरातच होते. दर खंडेनवमीला त्या मुलाची आई विळा, कुऱ्हाड, पाभरीचे फाळ आणि शिलाई मशीन यांच्या बरोबर मालकांचे हे ‘मेडल’ पूजेत मांडत असे आणि त्याआधी समई-तांब्यासोबत चिंच-मिठाने लख्ख घासत असे. चिंचेतल्या आम्लाने मुलामा जातो, मिठाच्या खड्यांनी उठाव झिजतो. तीस-पस्तीस खंडेनवम्या म्हणजे तीस-पस्तीस वेळा घासणे. मला त्या माउलीला दोष द्यायचा नाही. एवढ्या वर्षांत त्या पदकाची आठवण ठेवून त्याला हळद-कुंकू लावणारी तीच एक होती. आपल्या संग्रहालयांनी, शाळांनी आणि आम्ही नाणेवाल्यांनी तेवढेही केलेले नाही.

त्याच घरात त्या गृहस्थांची सेवापदकेही होती. त्यांच्या कडेवर नाव आणि क्रमांक कोरलेला असतो, तशी पद्धतच आहे. त्यामुळे ती उद्या कुठेही सापडली तरी कोणाची, हे शोधता येईल. कमिशनिंगच्या स्मृतिपदकाचे तसे नाही. ते शौर्यासाठी किंवा सेवेसाठी मिळत नाही, छातीवर लावायचे नसते, कडेवर कोणाचे नाव नसते. समारंभाला हजर असलेल्या मंत्र्याला आणि बॉयलरजवळच्या खलाशाला मिळालेले पदक एकसारखेच. मला त्यातली ही समानता फार आवडते, पण तिचीच दुसरी बाजू अशी की एकदा ते त्या घरातून, त्या डबीतून आणि त्या माणसाच्या बाकी कागदांतून वेगळे झाले की ते नुसती पितळी चकती उरते. म्हणून मी त्या मुलाला एकच सांगितले, की विकायचे असो वा ठेवायचे असो, वडिलांचे सेवापुस्तक, नौकेवरचा एखादा फोटो आणि हे पदक एकत्र ठेवा, आणि त्यांची नेमणूक कधी ते कधी होती ते एका कागदावर लिहून डबीत घाला.

स्मृतिपदक आणि नाणे यांतला फरकही लोकांना नीट सांगितला गेला पाहिजे, कारण न सांगण्यातून फसवणूक होते. एका नाणे प्रदर्शनात एक विक्रेता दुसऱ्याच एका युद्धनौकेचे पदक ‘भारतीय नौदलाचे दुर्मीळ नाणे’ म्हणून वाट्टेल ती किंमत सांगून विकत होता. नाणे पाडण्याचा अधिकार २०११ च्या नाणे अधिनियमाप्रमाणे केंद्र सरकारचा आहे आणि नाण्यावर मूल्य असते. स्मृतिपदकावर रुपये-पैसे नसतात आणि ते चलनात येत नाही. घडणीतही भेद आहे. नाणी चळत लावता यावी म्हणून त्यांचा उठाव कमी ठेवतात आणि ती एकाच दाबात पडतात. चांगल्या पदकाचा उठाव जास्त असतो; त्यासाठी आधी मोठ्या आकाराचा प्लास्टरचा नमुना करून त्यावरून लहान आकाराचा ठसा कोरतात आणि चकती मधून मधून तापवून नरम करत पुन्हा पुन्हा दाबाखाली घालतात. डोलकाठीची तार, रडारची जाळी, नौकेचा अणकुचीदार पुढचा भाग हे सारे त्या दाबातून उमटते, आणि घासले की हेच उंच भाग आधी जातात. स्वस्तातली पदके ओतीव असतात. त्यांच्या पृष्ठावर भिंगाने पाहिले तर बारीक छिद्रे दिसतात आणि अक्षरांच्या कडा बोथट लागतात. घेणाऱ्याने एवढे तरी पाहावे.

मराठवाड्याला समुद्र नाही, मग इथे नौदलाच्या पदकाचे कौतुक कशाला, असे मला अनेकांनी ऐकवले आहे. समुद्र नाही हे खरे, पण धातूच्या चकतीवर जहाज उमटवण्याची कल्पना ज्यांच्याकडे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी होती ते सातवाहन पैठणचेच. वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी यांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. ही नाणी शिशाची आहेत आणि ती मुख्यतः पूर्व किनाऱ्यावर, कोरोमंडलच्या बाजूला सापडतात, कारण तिकडच्या बंदरांवर तेव्हा त्यांची सत्ता होती. ती पैठणला पाडली असे मी म्हणत नाही. मात्र ज्या घराण्याचे मूळ राजधानीचे नगर समुद्रापासून इतके आत, गोदावरीच्या काठी होते, त्याला नाण्यावर जहाज कोरावेसे वाटले, याचा अर्थ त्यांच्या तिजोरीत येणारा पैसा कोणत्या वाटेने येतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-वृत्तान्तात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले धाराशिव जिल्ह्यातले तेर, अशी नोंद आहे, आणि इथला माल गाड्यांनी बंदरावर जात असे, हेही त्यात लिहिले आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात शिडांचे जहाज रंगवलेले आहे. अजिंठ्याच्याच पाचव्या शतकातील चित्रावरून नौदलाने काथ्याने शिवलेल्या फळ्यांचे ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज बांधवून घेतले आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ते आपल्या ताफ्यात घेतले. डोंगरातल्या भिंतीवर जहाज काढणारा चित्रकार आमचा आणि समुद्र मात्र दुसऱ्याचा, असे कसे म्हणता येईल?

नाणे आणि नौका यांचे नाते तर याहून जुने आणि जगभरचे आहे. रोमन लोक जहाज बांधताना डोलकाठीच्या खोबणीत नाणे ठेवत. लंडनला थेम्सच्या गाळात १९६२ साली सापडलेल्या ब्लॅकफ्रायर्सच्या रोमन जहाजात डोमिशियन बादशहाचे असे नाणे मिळाले, आणि त्यावर हातात सुकाणू धरलेली भाग्यदेवता होती. जहाज बांधणाऱ्याने खिशातले हाताला लागेल ते नाणे न टाकता सुकाणूचे चित्र पाहून निवडले असावे, असे मला वाटते. आजचे कमिशनिंगचे पदक हे त्याच वळणाचे. फरक इतकाच, की ते नौकेच्या पोटात न राहता माणसांबरोबर घरोघर जाते.

आता मुद्द्याचे. ‘गोदावरी’ वर्गात तीन नौका होत्या: ‘गोदावरी’, ‘गंगा’ आणि ‘गोमती’. (आमच्याकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात, गंगाखेड हे नावही त्यातूनच आले, म्हणजे एका अर्थी दोन नौका आमच्या होत्या.) यांपैकी ‘गोमती’ २८ मे २०२२ रोजी निवृत्त झाली, तेव्हा तिच्यावरची काही सामग्री लखनौला गोमती नदीच्या काठी खुल्या संग्रहालयात मांडण्याचा करार उत्तर प्रदेश सरकारने नौदलाशी केला. लखनौ समुद्रापासून किती दूर आहे, हे मी सांगायला नको. १९८९ मध्ये दाखल झालेली ‘खुकरी’ डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाल्यावर अवघ्या महिनाभरात, २६ जानेवारी २०२२ रोजी, दीव प्रशासनाकडे सोपवली गेली, कारण १९७१ च्या युद्धात पहिली ‘खुकरी’ दीवजवळच कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह बुडाली होती. सुरत शहराच्या नावाची विनाशिका नौदलात येण्याआधीच, ६ नोव्हेंबर २०२३ रोजी, तिच्या बोधचिन्हाचे अनावरण गुजरातच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते सुरतेत झाले. ‘गोदावरी’ २०१५ मध्ये गेली. नाशिकपासून नांदेडपर्यंत या नदीच्या काठावर तिच्या नावाची साधी पाटीही माझ्या पाहण्यात नाही.

याचे एक कारण मला असे दिसते, की शहराच्या नावाच्या नौकेला महापालिका असते, आमदार-खासदार असतात, मान घ्यायला कोणीतरी पुढे येतो. नदीच्या नावाच्या नौकेला असा वाली नसतो. गोदावरी तर त्र्यंबकेश्वरापासून बंगालच्या उपसागरापर्यंत १,४६५ किलोमीटर वाहते आणि पाण्याच्या वाट्यावरून भांडायला सगळे जिल्हे पुढे असतात. युद्धनौकेच्या आठवणीवर हक्क सांगायला मात्र कोणी आलेले नाही. निदान इथे तरी नगर-नाशिक आणि मराठवाडा असा वाद होणार नाही, तेव्हा आपण मराठवाड्यानेच आधी मागणी करावी, हे उत्तम.

मागणी मोठी नाही. नौका मिळण्याचा प्रश्नच आता उरलेला नाही. चौकाचौकात सिमेंटचे जहाज उभारून त्यावर निवडणुकीचे फलक लावायची सोय करावी, असेही मला मुळीच वाटत नाही. रणगाडे आणि विमाने चौकात ठेवल्यावर त्यांची काय कळा होते, हे महाराष्ट्रात जागोजाग दिसते. राज्य शासनाच्या पुरातत्त्व विभागाने पैठणच्या शासकीय संग्रहालयात एक काचेची पेटी ‘गोदावरी’साठी राखावी. तिथे सातवाहनांच्या नाण्यांसोबत, शक्य असल्यास त्या जहाजाच्या नाण्याच्या छायाचित्रासोबत, १९८३ चे स्मृतिपदक मांडावे. पश्चिम नौदल कमांडकडे रीतसर पत्र पाठवून नौकेचे बोधचिन्ह असलेली ढाल, कमिशनिंगची स्मरणिका आणि एखादे पदक मागावे. मागितल्यावर नौदल नाही म्हणेल, असे ‘गोमती’चा अनुभव पाहता वाटत नाही. नांदेडला, जिथे वर्षभर देशभरातून भाविक येतात आणि घाटावर थांबतात, तिथे अशीच दुसरी पेटी शोभेल. छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत १९७७ पासून मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी तयार करतात. त्या मुलांनी येता-जाता हे पाहिले तर त्यांच्यापैकी काहींना भूदल आणि हवाईदलाच्या पलीकडचाही पर्याय सुचेल. मला विचाराल तर पहिला मान पैठणचा.

दुसरी गोष्ट पैशांची नाही, फक्त कष्टांची आहे. प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे आणि माजी सैनिक व वीरपत्नी यांची नोंद तिथे असते. त्या कार्यालयांनी नौदलातून निवृत्त झालेल्यांच्या घरी कोणती स्मृतिपदके, फोटो, कमिशनिंगच्या पुस्तिका आहेत, याची एक वही करावी. वस्तू काढून घेऊ नयेत. त्या ज्यांच्या आहेत त्यांच्याकडेच राहोत. नुसती नोंद आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र पुरे. कायद्याचे संरक्षण या वस्तूंना मिळणार नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे: १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यात नाणी-पदके ‘पुरावस्तू’ ठरायला शंभर वर्षे व्हावी लागतात. ‘गोदावरी’चे पदक त्या हिशेबाने २०८३ साली पुरावस्तू होईल. तोपर्यंत त्याला वाचवणारे कोणी असेल तर ते घर आणि शेजारपाजार.

निजामाच्या राजवटीतल्या हाली रुपयांचे काय झाले, ते ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. कलदार (ब्रिटिश सरकारचा रुपया) आणि हाली असा दुहेरी हिशेब ठेवणाऱ्या पिढीने हाली बंद झाल्यावर चारमिनारची ती चांदीची नाणी किलोच्या भावाने वितळवली, पाटल्या-तोडे केले, आणि आता त्यांची नातवंडे तीच नाणी प्रदर्शनात चढ्या भावाने विकत घेतात. तिथे निदान चांदी तरी होती. पितळेच्या पदकाला भंगारवाला काय देणार?

ज्यांच्या घरी अशी पदके आहेत त्यांना एक-दोन व्यवहाराच्या सूचना कराव्याशा वाटतात. पदक चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांच्या पावडरीने घासू नका. काळपटपणा हा मळ नव्हे, त्याने धातूचे रक्षणच होते. हिरवट पूड सुटू लागली असेल तर मात्र ते दुर्लक्षून चालणार नाही, कोरड्या मऊ ब्रशने ती झाडून जाणकाराला दाखवा. नरम प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, ते पावसाळ्यात चिकट होऊन धातूवर डाग पाडते. सुती कापडात किंवा साध्या कागदी पाकिटात ठेवणे चांगले. हाताळताना कडेने धरा. पूजेत ठेवायचे असेल तर खुशाल ठेवा, हळद-कुंकू शेजारी वाहा. सोने आहे का हे पाहायचे असेल तर सराफाला आधीच सांगा की कानस लावायची नाही. वजन आणि आकारमान यांवरूनही ते कळते.

येत्या १० डिसेंबरला ‘गोदावरी’च्या कमिशनिंगचा आणखी एक वर्धापनदिन आहे. त्याआधी ४ डिसेंबरला नौदल दिन येतो आणि आपल्या दैनिकाची त्या दिवशी विशेष पाने निघतात. त्या पानांवर मराठवाड्यातल्या वाचकांकडून अशा पदकांची छायाचित्रे मागवली, तर वहीची सुरुवात कार्यालयाची वाट न पाहता होईल. छायाचित्र पाठवणाऱ्याने नौकेचे नाव, कमिशनिंगची तारीख, घरातील व्यक्ती नौकेवर कोणत्या कामाला आणि कोणत्या काळात होती एवढे लिहावे. पत्ता छापण्याचे कारण नाही. आणि पैठणला खरोखरच पेटी झाली, तर तिच्या तळाशी आरसा बसवावा व पदक तारेच्या बारीक स्टँडवर उभे ठेवावे, कारण आपल्या बहुतेक संग्रहालयांत नाणी कापडावर आडवी चिकटवलेली असतात आणि मागची बाजू कोणालाच दिसत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
गंगाखेड, जि. परभणी